सुटकेस सोडून सगळं

दरोड्याच्या सिनेमातला म्होरक्या साधारणपणे नुकताच तुरुंगातून सुटलेला असतो, आणि शिक्षा बहुतेक वेळा पाच वर्षांची असते. ‘रिफिफी’तला टोनी पाच वर्षं आत होता, ‘द किलिंग’मधला जॉनी क्लेही पाचच. एवढ्या अवधीत सरकारं करतात तेच हाही करतो, पंचवार्षिक योजना आखतो. फरक एवढाच, की याची योजना मुदतीत पुरी होते. बोंब होते ती त्यानंतर.

गृहस्थ तसा सज्जन वाटावा असा. कमी बोलणारा, कोट नीट घातलेला, सहसा आवाज न चढवणारा. साथीदार थट्टामस्करी करत असतात तेव्हा हा घड्याळ बघत असतो. लग्नघरात यादी खिशात घेऊन हिंडणारा एक काका असतो ना, ज्याला मांडवातल्या खुर्च्यांचा आकडा पाठ असतो पण नवरदेवाला आणायला कोण गेलंय ते ठाऊक नसतं, त्याच्याच जातकुळीतला हा. वस्तूंवर याची हुकमत अशी, की बघत राहावं. ज्यूल्स दासँच्या ‘रिफिफी’त (१९५५) चौघं वरच्या मजल्यावरून जवाहिऱ्याच्या दुकानाचं छत फोडतात. भोकातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडायची, म्हणजे पडणारा चुरा तिच्यात अलगद झेलला जातो. धोक्याच्या घंटेत आग विझवायच्या नळकांड्यातला फेस भरायचा, की तिची बोलती बंद. जवळजवळ अर्धा तास पडद्यावर ना संवाद, ना संगीत. आणि एवढ्या शिस्तीच्या चौघांतला एक, तिजोरी फोडणारा सेझार, जाता जाता एक अंगठी खिशात टाकतो आणि नाइटक्लबातल्या गायिकेला देऊन मोकळा होतो. पुढचं सगळं रामायण त्या अंगठीमुळे. (सेझारचं काम दासँनं स्वतःच केलंय, वेगळं नाव घेऊन. जिथे दिग्दर्शकच असा वागतो, तिथे म्होरक्यानं कोणाकोणावर नजर ठेवायची?)

म्होरक्याच्या कागदावर भिंती, पहारेकरी, मिनिटं, सेकंदं सगळं असतं. माणूस घरी गेल्यावर कोणाशी काय बोलतो, हा रकानाच नसतो. स्टॅन्ली क्युब्रिकच्या ‘द किलिंग’मध्ये (१९५६) जॉनीला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरची रोकड लुटायची आहे. नेमबाज आणि पैलवान या भाडोत्री मंडळींना तो त्यांच्या कामापलीकडे अवाक्षर सांगत नाही. इतका पक्का. पण टोळीतला कॅशियर घरी जाऊन बायकोपाशी सगळं ओकतो. जिनं आयुष्यभर हिणवलं तिच्यापुढे एकदा तरी मोठं दिसावं, ही नवऱ्याची तडफड कुठल्याही कारकुनाला कळली असती. पाच वर्षं विचार केलेल्या जॉनीला ती कळत नाही. बायको अर्थातच गोष्ट प्रियकराच्या कानावर घालते.

तरीही वीस लाख डॉलर हाती येतात, आणि इथे या माणसाचं खरं रूप दिसतं. नेमबाजाला पाच हजार, पैलवानाला अडीच हजार असे हात सैल सोडून देणारा जॉनी सुटकेस मात्र अशी घेतो, की तिचं कुलूप धड लागत नाही. विमानतळावर कर्मचारी म्हणतो, एवढी मोठी बॅग जवळ ठेवता येणार नाही, सामानात टाका. जॉनी हुज्जत घालून बघतो, पण चोरानं किती तोंड वाजवायचं? टाकतो बिचारा. मग एका बाईंचं लाडकं कुत्रं हातातून सुटून विमानांच्या वाटेत धावतं, सामानाची गाडी वळते, सुटकेस पडून उघडते, आणि नोटा पंख्याच्या वाऱ्यावर भिरभिरत जातात.

मला विचाराल तर कुत्र्याला बोल लावण्यात अर्थ नाही. ते कुत्रं खरं पाहता सेन्सॉरचं. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून १९६८ पर्यंत ‘हेज कोड’चा अंमल होता आणि गुन्हेगाराला गुन्हा पचलेला दाखवायची सोय नव्हती. योजना कितीही चोख असो, लेखकाला कुठून तरी एक कुत्रं पैदा करावंच लागे.

सगळंच मात्र सेन्सॉरच्या माथी मारता येत नाही. जॉन ह्यूस्टनच्या ‘द अस्फाल्ट जंगल’मधला (१९५०) डॉक हा या जमातीतला सर्वांत शहाणा म्हातारा. शहराबाहेर निसटताना, टॅक्सीवाला घाई करत असताना, तो एका खाणावळीत रेंगाळतो. एका पोरीला ज्यूकबॉक्सवर नाचायचंय आणि नाणी संपलीत. डॉक खिशातून नाणी काढून देतो आणि बघत बसतो. बाहेर पोलीस. दोन-तीन मिनिटांचा उशीर नडला, म्हणजे एका रेकॉर्डइतका, हा हिशेबही तोच करून सांगतो. बेड्या पडल्या तरी मिनिटं मोजायची खोड जात नाही!

लेखक अतिशयोक्ती करतात म्हणावं, तर इंग्लंडमधला १९६३ चा रेल्वे-दरोडा आडवा येतो. सुमारे २६ लाख पौंड लुटून टोळी लेदरस्लेड फार्मवर दडली, वेळ जाईना म्हणून मोनोपोली खेळली, आणि पटावर बोटांचे ठसे ठेवून गेली. असला प्रसंग पटकथेत घातला तर निर्माता हाकलून देईल.

या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो मारिओ मोनिचेल्लीच्या ‘ई सॉलिती इन्योती’मधला (१९५८) पेप्पे. त्याची तर योजनाही स्वतःची नाही, तुरुंगात दुसऱ्या कैद्याला बनवून ढापलेली. रोममध्ये गहाणवटीच्या पेढीला लागून असलेल्या रिकाम्या घरात टोळी शिरते, रात्रभर घाम गाळून भिंत फोडते, आणि पलीकडे निघते ती त्याच घराच्या स्वयंपाकघरात. तिजोरी नाही, पण काबुली चणे घातलेला पास्ता तयार आहे. मंडळी बसतात आणि चापतात. पहाटे पोलीस दिसल्यावर पेप्पे चटकन एका बांधकामाच्या फाटकापुढच्या मजुरांच्या गर्दीत घुसतो, आणि ती गर्दी त्याला रेटत आत घेऊन जाते. बाहेरून त्याचा म्हातारा साथीदार जिवाच्या आकांतानं ओरडतोय, अरे बाबा, तिथे कामाला लावतील!