शेजारधर्म, विंडोज पद्धतीचा

एकाच राउटरचं मीठ खाणारे दोन लॅपटॉप एकमेकांना ओळख दाखवत नाहीत, हा बिघाड नव्हे, ही सुरक्षितता! नवं वाय-फाय दिसलं, की विंडोज त्याला ‘पब्लिक’ ठरवतं; त्याच्या लेखी आपला दिवाणखाना म्हणजे एसटी स्टँडच. ‘प्रायव्हेट’ केलं, तरी ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’चा खटका वेगळा. तोही दाबला, की पासवर्डची मागणी. रोजचा पिन तिथे चालत नाही. दोन लॅपटॉपपैकी एक राउटरच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर असला, तर बोलणंच खुंटलं. घरच्यांसाठी खास ‘होमग्रुप’ होता. तो मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकला. मग घरातला फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरला प्रदक्षिणा घालून पलीकडच्या खोलीत उतरतो. खासगीपणा जपायचा, तर एवढा वळसा हवाच!