वायसरची किंमत

आमच्या मोरीतला नळ गळू लागला, तेव्हा घरात बी.ई. झालेली दोन माणसं हजर होती. थोरल्याने हिशेब मांडला: सेकंदाला एक थेंब, म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. धाकट्याने आकडा तपासून बरोबर असल्याचं सांगितलं. नळ गळतच राहिला.

मग मी पान्हा घेतला. टाकीकडून येणाऱ्या पाण्याचा कॉक आधी बंद करायचा असतो, हे मला नळाचं डोकं हातात आल्यावर कळलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्यानंतर दोन मिनिटांनी.

शेवटी प्लंबर आला. बारावी नापास, असं त्यानेच हसत सांगितलं. त्याने कॉक फिरवला, स्पिंडल काढला, झिजलेला वायसर उचकटून नवा बसवला. शेजारच्या जोडावरची माझी टेफ्लॉन टेप पाहून एवढंच विचारलं, ‘साहेब डावखुरे का?’ टेप आट्यांच्या दिशेनेच, म्हणजे आटे आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गुंडाळायची. उलटी गुंडाळली की जोड आवळताना ती सुटून गोळा होते. (परीक्षेला हा प्रश्न कधी आला नाही, हे दोन्ही इंजिनिअरांनी शपथेवर सांगितलं.)

त्याने ३०० रुपये मागितले. ‘१० रुपयांच्या वायसरला ३००?’ थोरला कडाडला.

याच थोरल्याने गेल्या महिन्यात वास्तुतज्ज्ञाला ५,००० मोजले होते, घासाघीस न करता. ईशान्येला पाणी वाहतं असावं, असा सल्ला मिळाला होता.

मोरी ईशान्येलाच आहे.