बहुमताचे जीवशास्त्र

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचे शेतकरी आमदार जॉन वॉशिंग्टन बटलर यांचा जाहीर सत्कार व्हायला हवा होता. माणूस खालच्या प्राण्यांपासून झाला, असे सरकारी शाळेत शिकवणे गुन्हा ठरवणारे विधेयक त्यांनी १९२५ साली मांडले. विषयाची आपल्याला काही माहिती नव्हती, हेही त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. अशी निःपक्षपाती दृष्टी आता कुठे? सभागृहाने ७१ विरुद्ध ५ मतांनी प्रश्न निकाली काढला. शास्त्रज्ञ उगाच हाडे उकरत बसले होते. (गुरुत्वाकर्षणही एकदा मताला टाकावे. डोंगराळ मतदारसंघांची सोय होईल.)

शिवाय उत्क्रांतीचा धडा असलेले पुस्तक राज्यानेच लावलेले! शिकवले नाही तर कामचुकारपणा, शिकवले तर गुन्हा. मास्तर कुठूनही हाती लागतो. जॉन स्कोप्स लागले, १०० डॉलर दंड झाला. वरच्या कोर्टाने १९२७ साली निकाल फिरवला, कारण ५० डॉलरवरचा दंड ज्युरीने ठरवायचा असतो. कायदा मात्र १९६७पर्यंत शाबूत राहिला.

त्या ४२ वर्षांत टेनेसीतले एकही माकड माणूस झाले नाही. एवढा कडक अंमल तिथल्या दारूबंदीलाही कधी जमला नव्हता.