टॅपेटवाले अण्णा

अण्णांनी फियाटचं टॅपेट कव्हर उघडलं, ही बातमी गल्लीला आधी पेट्रोलच्या वासावरून कळते आणि मग काकूंच्या आवाजावरून. "माझी परात कुठाय?" परात फियाटच्या बाजूला फरशीवर असते. तिच्यात कोमट पाणी आणि पाण्यात बुचाचं लांबुळकं पॅकिंग. दुकानात खिळ्याला लटकून वाळलेलं कॉर्क आखडतं आणि मापाला कमी पडतं. ताणलं तर तुटतं. थोडा वेळ भिजवलं की मापावर येतं. मग अण्णा ते चादरींच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवतात. पाहुण्यांना मिळणाऱ्या सोलापुरी चादरीला कधीकधी गॅरेजचा वास येतो, तो यामुळे.

जुनी गाडी बाळगणारे लोक ती चालवायला बाळगतात. अण्णांनी उघडायला बाळगली आहे. सगळी नोकरी गिरणीच्या मेंटेनन्स खात्यात झाली. गिरणी बंद पडली, पण हातातला पाना सुटला नाही. "एवढं तेल गळतंय तर एखादी मारुती घ्या की मालक," असं कुणी म्हणालं की अण्णा उलटतपासणी सुरू करतात. "वालचंद हिराचंद कुठले? 1882 साली सोलापुरात जन्मले. प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुणी काढली, 1944 साली? त्यांनीच. मग ही गाडी कुठली?" इथे इटलीचं नाव काढणाऱ्याला अण्णांकडे चहा मिळत नाही.

बोनेटखाली 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि त्याच्या डोक्यावर पत्र्याचं झाकण, एवढाच अण्णांचा प्रांत. झाकणाखाली रॉकर खालीवर होतात, त्यांच्यावर तेल उडतं, आणि ते तेल बाहेर येऊ न देण्याची सगळी जबाबदारी त्या बुचाच्या पट्टीवर. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 42 च्या पुढे गेला की बाहेर माणूस निघत नाही, पण या झाकणातून तेल निघतं. ते गरम एक्झॉस्टवर पडतं, धूर होतो, आणि सिग्नलला शेजारचा रिक्षावाला हात जोडून म्हणतो, "मालक, उदबत्ती लावलाव का?"

अण्णांचं काम बघायला मात्र उठून जावं. जुनं पॅकिंग ते ब्लेडनं खरवडतात. त्याआधी पुशरॉडच्या भोकांवर जुन्या टॉवेलचे तुकडे कोंबतात, कारण बुचाचा एक कण खाली गेला तर तो थेट तेलात. खरवडून झालं की झाकण काचेवर पालथं ठेवायचं. (ही काच काकूंच्या ड्रेसिंग टेबलाची. काकू अजून भिंतीवरच्या हातभर आरशात वेणी घालतात.) कुठे उजेड दिसला तर तिथे काठ वाकलेला. मग लाकडी ठोकळा आणि छोटी हातोडी घेऊन टुक टुक, पुन्हा काचेवर, पुन्हा टुक टुक. शेलॅक फक्त झाकणाच्या बाजूला. हेडच्या बाजूला ग्रीसचं बोट. "दोन्हीकडे चिकटवलं तर पुढच्या वेळी उघडणार कसं?" पुढची वेळ येणार, याबद्दल अण्णांच्या मनात शंका नसते.

खरा सोहळा आवळण्याचा. पाना डोक्याजवळ दोन बोटांत धरायचा. एक नट अर्धा फेरा, मग दुसरा अर्धा, पुन्हा पहिला. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला पोरगा एकदा मदतीला आला आणि त्यानं पाना मुठीत धरला. "एवढं आवळलालास कशाला बे? पत्रा वाकतो, बूच बाहेर येतं! तेल पॅकिंगमुळं गळत नाही, आवळणाऱ्यामुळं गळतं. भाकरी थापताना हाताचा जेवढा जोर, तेवढाच."

आतून काकू म्हणाल्या, "तुम्ही कधी थापली?"

अण्णांनी नटाला कन्नडमध्ये एक शिवी दिली. नटाशी ते कन्नडमध्ये, शेजारच्या विणकराशी तेलुगूत आणि आमच्याशी मराठीत बोलतात. शिव्या सगळ्या नटाला आणि उपदेश सगळा आम्हाला.

मग इंजिन सुरू. गरम झालं की बंद करून, निवल्यावर पुन्हा पाव फेरा. खाली 'संचार'चा अंक पसरलेला असतो. सकाळी चहाआधी अण्णा त्यावरचे डाग बघतात आणि मग उरलेल्या बातम्या वाचतात.

गेल्या उन्हाळ्यात डाग जाईचनात. नवं पॅकिंग, पुन्हा नवं पॅकिंग, परात कायमची जप्त. शेवटी तोच पोरगा दबकत म्हणाला, "अण्णा, ब्रीदर बघितला का? नळी चोंदली असंल तर आत हवा कोंडती अन् तेलाला बाहेर ढकलती." अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की पोरगा दोन पावलं मागे सरला. पण दुपारी गल्ली झोपलेली असताना त्यांनी नळी काढली. आत काळा चिखल बसला होता. नळी पेट्रोलनं धुतली आणि दुसऱ्या दिवशी अंक कोरडा निघाला. त्या संध्याकाळी कट्ट्यावर अण्णांनी ब्रीदर या विषयावर तासभर व्याख्यान दिलं. श्रोत्यांत पोरगाही होता. "मी कधीपासून सांगलालोय," असं अण्णा म्हणाले तेव्हा त्यानं मान डोलावली. पोरगा हुशार आहे, धंद्यात टिकेल.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी, म्हणजे अण्णांच्या फियाटचीच बहीण, रस्त्यावरून कायमची गेली. लोक हळहळले, फोटो काढले. अण्णाही दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "आता कुर्ल्याच्या भंगारात झाकणं स्वस्त होतील."

तुमच्या फियाटचं टॅपेट कव्हर गळत असेल तर अण्णांकडे जरूर न्या. पैसे घेत नाहीत. फक्त जाताना पॅकिंग नवं न्या, स्वतःचा पाना नेऊ नका, आणि काकूंसाठी एक परात घेऊन जा.