जखमी टर्कीची घरगुती शुश्रूषा (फक्त मालवण किनाऱ्यासाठी)

मालवणात जखमी टर्कीला कुत्र्यापेक्षा शेजाऱ्यांचा धोका जास्त. कुत्रा एकदा चावून जातो, शेजारी रोज येऊन विचारतात, "कितक्या किलोचो रे?" म्हणून पहिला उपचार हाच, की रुग्णाला उचलून मांगरात न्यावं, खाली पेंढा पसरावा आणि दार लोटून घ्यावं. अंधारात पक्षी शांत होतो आणि वजनाचा अंदाजही कुणाला येत नाही.

मग जखम. कुत्र्याच्या दाताचं भोक बाहेरून मुगाएवढं दिसतं, आत मात्र बरीच नासधूस झालेली असते. म्हणून भोवतालची पिसं कापावीत (उपटू नयेत, ते काम वेगळ्या प्रसंगी करतात) आणि उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवावी. वर हळद लावायला घेतलीत की स्वयंपाकघरातून आवाज येईल, "मीठ-हळद लागला मा? वाटाप काढू?" हसून सोडून द्यावं, पण रात्री पाटा-वरवंटा मोजून ठेवावा. पावसात माश्या बसून जखमेत अळ्या पडतात, तेव्हा दिवसातून दोनदा तपासणी हवीच. जखम खोल असेल तर हळदीवर विसंबू नये, सरळ गुरांचा दवाखाना गाठावा.

आजारी माणसाला पेज भरवतात तसं याच्या चोचीत काही ओतू नये. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं. चोचीचं टोक वाटीत बुडवावं, पिणारा पितो. सोबत हवी म्हणून गावठी कोंबड्यांतही सोडू नये. त्यांच्या पोटातल्या कृमींच्या अंड्यांवाटे टर्कीला यकृताचा जीवघेणा रोग होतो, कोंबड्या मात्र बहुधा ठणठणीत राहतात.

बरं वाटू लागल्याची खूण डोक्यावर दिसते. 1612 साली मुकर्रब खान या सरदाराने गोव्याहून एक टर्की जहांगीर बादशहाकडे नेला. त्याच्या डोक्याचे रंग सरड्यासारखे बदलतात, याचं बादशहाने आठवणींत नवल केलं आणि दरबारी चित्रकार मन्सूरकडून चित्रही काढून घेतलं. तर फिकट पडलेलं डोकं पुन्हा लाल-निळं होऊ लागलं, यष्टीच्या हॉर्नला पक्षी गळा काढून उत्तर देऊ लागला, की रुग्ण सावरला.

खरा धोका इथून पुढे. श्रावण लागला असेल तर निर्धास्त राहा. गटारी तोंडावर असेल तर मांगराला कुलूप. गणपतीत सुटलो असं समजू नका. काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो आणि चाकरमानीही तेव्हाच उतरतात. त्यांच्यापुढे भूतदया चालत नाही, डॉक्टरची चिठ्ठी चालते. अँटिबायोटिक दिलेल्या पक्ष्याची सागोती ठरावीक दिवस खायची नसते, हे शंभर टक्के खरं आहे. किती दिवस ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावं आणि कागद फ्रिजवर चिकटवावा. तारीख मात्र पेन्सिलीने लिहून मागावी.