पद्मिनीची उलटी प्रदक्षिणा

रविवारी सकाळी सात वाजता बारामतीतल्या एका अंगणात बॅटरीची तार सुटली आणि प्रीमियर पद्मिनीचा स्टार्टर उतरवायचं काम सुरू झालं. निवृत्त मास्तर असलेले दाजी गाडीखाली, मेहुणा बॉनेटमध्ये वाकलेला. अंदाज अर्ध्या तासाचा होता. खालचा बोल्ट पोह्यांच्या आधीच निघाला. वरचा मात्र इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांदीत असा दडला होता, की हात पोचला तर डोळा पोचेना आणि डोळा पोचला तर पाना पोचेना.

रॉकेल झालं, डिझेल झालं, हातोडीचे टोले झाले. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून आट्यांत पाचरीसारखा बसतो, हा धडा दाजींनी गाडीखालूनच घेतला. शेवटी पान्याला पाइप लावून जोर दिला, तेव्हा काहीतरी कट्कन वाजलं.

"सुटला!" मेहुणा ओरडला.

ती दाजींची कंबर होती.

बारामतीत मेकॅनिकांचा दुष्काळ नाही. एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी तयार होतात. पण कोपऱ्यावरच्या पोरानं "स्कॅनर कुठं लावायचा?" असं विचारलं आणि दाजींचं मन उडालं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. त्या पोराचा तरी काय दोष? मग इंदापूरचा म्हातारा मिस्त्री आठवला. खालचा बोल्ट परत आवळला, तार जोडली आणि दाजी सुकाणूवर बसले.

"पाव्हणं, ढकला."

अंतर पन्नासेक किलोमीटर. स्टार्टर मेलेल्या गाडीला उतार लागतो, आणि या मुलखात तो औषधालाही नाही. निरा डाव्या कालव्याचं पाणी इंग्रजांच्या काळापासून उतारानंच इंदापूरकडे जातंय खरं. पण तो उतार पाण्याला कळतो, १०८९ सीसीच्या पद्मिनीला कळत नाही. दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच सोडायचा, एवढं दाजींचं काम. वेग आणायचं खातं मेहुण्याकडे.

पहिला मुक्काम काटेवाडीला पडला, तोही न ठरवता. इथं तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. पद्मिनीभोवती माणसांचं झालं. प्रत्येकानं एकेक सल्ला दिला आणि ढकलायला दोघेच उरले. पुढे पंपावर पेट्रोल घ्यायचं म्हणजे इंजिन बंद करणं आलं. तिथं एका ट्रॅक्टरवाल्यानं उसाची ट्रॉली बाजूला घेऊन हात लावला.

जंक्शन नावाच्या गावात रेल्वे नाही, पण तिथून वालचंदनगरचा फाटा फुटतो. दाजींनी वेग कमी केला. ज्या वालचंद हिराचंदांनी हे नगर वसवलं, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पद्मिनी घडली कुर्ल्याला, तरी दाजींच्या हिशेबी हे तिचं आजोळ.

"इथल्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांचे भाग बनतात," ते अभिमानानं म्हणाले.

"त्याला ढकलावं लागत नसंल," मेहुणा घाम पुसत म्हणाला. मग घाईघाईनं: "दाजी, थांबू नका. चालू हाय तवर चला!"

इंदापूरला मिस्त्रीनं खाली वाकून पाहिलं, बोल्टचं डोकं बोटानं चाचपलं आणि विचारलं, "कुठल्या बाजूला फिरवत होता?"

दाजींनी हवेत हात फिरवून दाखवला. घड्याळाच्या उलट, शास्त्राप्रमाणे.

"तुम्ही झोपला होता पुढच्या अंगानं. बोल्टचं डोकं हाय मागं, गिअरबॉक्सकडं. तुमच्याकडनं उलटं, बोल्टाकडनं प्रदक्षिणा. सकाळपासनं आवळताय तुम्ही त्याला."

मेहुण्यानं दाजींकडे पाहिलं. दाजी कुठल्याशा टायरकडे पाहू लागले.

मिस्त्रीनं गोटी पान्याला दोन लांब दांडे जोडले, मधे मान वळणारा सांधा घातला आणि गिअरबॉक्सच्या अंगानं हात सारला. चहा येईपर्यंत बोल्ट त्याच्या तळहातावर होता. स्टार्टरमधले कार्बन ब्रश झिजून संपले होते. ते बदलले, स्टार्टर चढला, आणि किल्लीच्या एका झटक्यात पद्मिनी बोलू लागली.

परतीच्या वाटेवर बेलवाडीला दोघं चहाला थांबले. दाजींनी इंजिन ऐटीत बंद केलं. चहा संपला, दाजी आत बसले. मेहुणा सवयीनं मागं गेला, डिकीवर दोन्ही हात टेकले, पाय रोवले, मान खाली घातली. दाजींनी किल्ली फिरवली.

गाडी भुर्रकन निघून गेली. मेहुणा दोन्ही तळव्यांवर रस्त्यात उतरला. काटेवाडीपर्यंत, आपल्या बडबडीला पाव्हणं हुं का देत नाहीत, हे दाजींच्या लक्षात आलं नव्हतं.