चालू, बंद, पुसा

आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधल्या टायमरला तीन बटणं होती. त्यांच्यावरची अक्षरं आधीच्या कैक बॅचेसच्या अंगठ्यांनी केव्हाच खाऊन टाकली होती. म्हणून लॅबच्या मामांनी चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहिलं होतं : चालू, बंद, पुसा. रीसेटला इतका नेमका मराठी शब्द मला अजून दुसरा भेटलेला नाही.

त्याआधी आमची ओळख होती ती स्टॉपवॉचशी. त्याच्या डोक्यावर एकच खुंटी. दाबली की पळणार, पुन्हा दाबली की थांबणार, तिसऱ्यांदा दाबली की काटा मुकाट्याने घरी. लंबकाचे २० झोके मोजायचे आणि वेळेला २० ने भागायचं. पथ्य एवढंच, की खुंटी दाबताना ‘शून्य’ म्हणायचं. ‘एक’ म्हणणाऱ्याचे झोके १९ च भरतात आणि ९.७८ यायला हवा तो गुरुत्वाकर्षणाचा ‘जी’ १०.८४ निघतो. जर्नलमधल्या माझ्या पहिल्याच पानावर पृथ्वी अशी जरा जास्तच ओढ लावून बसली होती. बाकी अंगठ्याचा उशीर २० झोक्यांत वाटला जायचा, त्यामुळे चव्हाट्यावर येत नसे.

टायमरने तो आणला. एक मीटर उंचीवर विद्युतचुंबकाला पोलादी गोळी चिकटवायची, सोडायची आणि पडायला किती वेळ लागला ते बघायचं. हा सगळा मामला ०.४५ सेकंदाचा. त्यात टक् ऐकून अंगठा हलेपर्यंतच ०.२ सेकंदाच्या आसपास जातात. मी एका हाताने चुंबकाचा प्रवाह तोडायचो, त्याच क्षणी दुसऱ्या हाताने ‘चालू’ दाबायचो आणि गोळी आपटली की ‘बंद’. आलं ०.६१२. मग ०.५८७. मग ०.६४०. पहिल्या रीडिंगवरून ‘जी’ निघाला ५.३४, म्हणजे आम्ही पृथ्वी आणि मंगळ यांच्या मध्ये कुठेतरी प्रॅक्टिकल करत होतो. तरी शंका आली ती गोळीवर, पट्टीवर, पार्टनरच्या गुणाकारावर. सेकंदाचा हजारावा भाग लाल दिव्यांनी लिहून दाखवणाऱ्या डब्यावर शंका घ्यायची आमची प्राज्ञा नव्हती, आणि स्वतःच्या अंगठ्यावर तर कोण घेतो!

मामा बरण्या पुसत हे बघत होते. “काय रे, हाताने कशाला मोजताय? त्याचं त्याला मोजू द्या की.” बटणांच्या खाली एक बारीकशी कळ होती. तिच्यावर चिकटपट्टी नव्हती, म्हणून आमच्या लेखी ती नव्हतीच. मामांनी ती खाली केली, चुंबकाच्या स्विचकडून आलेल्या वायरी टायमरच्या टर्मिनलांच्या एका जोडीत खोचल्या आणि गोळी ज्या पत्र्यावर पडायची त्याच्या दुसऱ्या जोडीत. आता प्रवाह तुटला की घड्याळ आपोआप चालू, पत्र्यावर गोळी आपटली की बंद. माझ्या अंगठ्याकडे फक्त ‘पुसा’ उरलं.

०.४६३. पुन्हा ०.४६३. फार तर शेवटचा आकडा एकने हलायचा. ‘जी’ ९.३३. आम्ही खूश, मामा नाखूश.

“चुंबक सोडत नाही लगेच,” ते म्हणाले. प्रवाह तुटला तरी लोखंडी गाभ्यात थोडं चुंबकत्व मागे राहतं. घड्याळ सुटलेलं असतं आणि गोळी मात्र, दारात उभं राहून निरोप घेणाऱ्या पाहुण्यासारखी, अजून वरच घोटाळत असते. मामांनी खिशातून एसटीचं तिकीट काढलं, कोपरा फाडला आणि चुंबक व गोळी यांच्यामध्ये ठेवला. तेवढ्या कागदाच्या जाडीनेही धरून ठेवण्याचं बळ सैल होतं.

टक्. ०.४५३.

मी मनातल्या मनात हिशोब केला, ९.७५ च्या आसपास. सकाळपासून पहिल्यांदाच आम्ही आपल्या ग्रहावर उतरलो होतो. पार्टनरने पेनाचं टोपण काढत विचारलं, “किती आलं? सगळे आकडे सांग.”

मी डब्याकडे बघितलं. तिथे लाल शून्यं होती. आनंदाच्या भरात अंगठा आपलं राहिलेलं एकमेव काम करून आला होता.

मामांनी काही न बोलता पुन्हा तिकीट काढलं.